उतरणे आणि उतरवणे

एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र गेले काही दिवस माझ्या मेजावर पडून आहे. कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञानशाखेच्या वर्गाला मी मराठी शिकवत असे, त्या वर्गातला हा मुलगा. पुढे तो अभियंता झाला, अमेरिकेत स्थायिक झाला. तीन वर्षांपूर्वी त्याने हेलिकॉप्टर चालवण्याचा परवाना मिळवला आणि आता घराशेजारच्या गॅरेजमध्ये एक आसनाचे लहान हेलिकॉप्टर तो सुट्या भागांतून स्वतः जोडत आहे. त्याची आई आमच्याच गावात राहते. ‘सर, तुमचं तो ऐकतो. हवेत असताना इंजिन बंद पडलं तर काय करशील, एवढं त्याला विचारा,’ असे त्या माऊलीने मला सांगितले आणि मी तसे विचारले. उत्तर आले ते असे : ‘आईला सांगा सर, काळजीचं कारण नाही. इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. आपोआप खाली उतरतं.’

यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. वाक्य हा मात्र आहे. आयुष्यभर मुलांना वाक्यपृथक्करण शिकवलेल्या माणसाला ‘आपोआप खाली उतरतं’ हे शब्द वाचून जरा थांबावेसे वाटले. म्हणून मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले. त्यातून झालेले माझे मत असे : या वाक्यातली माहिती बरीचशी खरी आहे, पण वाक्य खोटे आहे. ते खोटे का, हे भाषेच्या अभ्यासकांनीही समजून घेण्याजोगे आहे.

आधी खरे काय ते पाहू. हेलिकॉप्टरचे इंजिन थांबले म्हणजे वरची पाती तत्क्षणी थांबतात आणि यंत्र कोसळते, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ती चुकीची आहे. सायकल उतारावरून जाताना आपण पायडल मारणे थांबवतो, तरी चाक फिरत राहते, कारण मागच्या चाकात फ्रीव्हील असते. हेलिकॉप्टरच्या इंजिनात आणि पात्यांत अशीच एक सोय असते. इंजिन थांबले की पाती त्याच्यापासून सुटी होतात आणि आपल्या गतीने फिरत राहतात. एवढे खरोखर आपोआप घडते. वैमानिकाने काहीच केले नाही तरी घडते.

यापुढचे काहीही आपोआप घडत नाही. इंजिनाच्या जोरावर उडताना पाती वरची हवा ओढून खाली लोटत असतात. त्यासाठी त्यांना तिरका कोन दिलेला असतो आणि त्या कोनामुळेच हवा त्यांना सतत अडवत असते. इंजिनाचा जोर नाहीसा झाला की हाच अडथळा पात्यांची गती खाऊ लागतो. अशा वेळी वैमानिकाने डाव्या हाताचा कलेक्टिव्ह नावाचा दांडा तत्काळ खाली करावा लागतो. मग पात्यांचा कोन कमी होतो, यंत्र खाली येऊ लागते, खालून वर येणारी हवा पात्यांतून वाहू लागते आणि जत्रेतले भिरभिरे वाऱ्यावर फिरावे तशी ती पाती फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमीन जवळ आली की यंत्राचे नाक वर उचलून पुढचा आणि खालचा वेग मोडायचा, ते पुन्हा सरळ करायचे, आणि अगदी शेवटी दांडा वर ओढून पात्यांत साठलेली सगळी गती एकाच वेळी खर्चून अलगद टेकायचे. ही शिल्लक एकदाच खर्च करता येते. ती दहा फूट आधी खर्चली तर उरलेले दहा फूट पडायचे असते.

आता विद्यार्थ्याचे वाक्य पुन्हा वाचावे. ‘हेलिकॉप्टर आपोआप उतरतं.’ कर्ता हेलिकॉप्टर, क्रियापद अकर्मक. वस्तुस्थितीला जुळणारे वाक्य असे व्हायला हवे होते : ‘वैमानिकाला हेलिकॉप्टर उतरवावं लागतं.’ उतरणे आणि उतरवणे यांत एका ‘व’चा फरक आहे. आपण शाळेत त्याला प्रयोजक क्रियापद म्हणून गुण देतो आणि विसरतो. येथे त्या ‘व’मध्ये एक माणूस बसलेला आहे. अकर्मक क्रियापद वापरले की तो माणूस, त्याचा डावा हात, त्याचा सराव, त्याची त्या दिवशीची झोप हे सगळे वाक्याबाहेर जाते. उरते ते फक्त एक गुणी यंत्र.

या भ्रमाला ‘ऑटो’ या उपपदाचाही हातभार लागला असावा. स्पॅनिश अभियंता हुआन दे ला सिएर्वा याने रचलेले एक मोठे विमान 1919 मध्ये चाचणीच्या वेळी वेग फार कमी झाल्याने कोसळले. वेग मंदावला तरी कोसळणार नाही असे यंत्र करावे, या ध्यासातून त्याने ऑटोगायरो घडवला आणि 1923 च्या जानेवारीत माद्रिदजवळ तो हवेत गेला. ऑटोगायरोची वरची पाती इंजिन फिरवतच नाही. इंजिन फक्त यंत्र पुढे ओढते आणि पाती समोरून-खालून येणाऱ्या हवेवर फिरतात. त्यामुळे इंजिन बंद पडले तरी पात्यांच्या दृष्टीने मूलतः काही बदलत नाही. जी हवा त्यांना आधी फिरवत होती, तीच नंतरही फिरवते. हेलिकॉप्टरात मात्र त्या क्षणी हवेची दिशाच उलटवायची असते आणि ती उलटवणारा कोणी तरी लागतो. एका यंत्राची सहजावस्था ती दुसऱ्या यंत्राची आपद्‌व्यवस्था. शब्द मात्र दोहोंना एकच लागतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्याचा दिलासा दुसऱ्याला चिकटतो.

आपल्या वाचकांना माधवीलता ठाऊक आहे. संस्कृत नाटकांच्या उपवनांत तिचे मंडप असतात. तिच्या फळाला तीन पंख असतात आणि ते झाडावरून सुटले की गरगर फिरत सावकाश खाली येते. त्याला आपोआप म्हणावे. त्या फळाचा कोन निसर्गाने कायमचा ठरवून दिलेला आहे. त्याला चुकण्याची मुभाच नाही. माणसाच्या यंत्राला ती मुभा आहे.

ती किती आहे, हे अमेरिकेतल्या लहान हेलिकॉप्टरांच्या इतिहासावरून कळते. फ्रँक रॉबिन्सन यांनी 1973 मध्ये कॅलिफोर्नियात आपली कंपनी काढली. सामान्य ऐपतीच्या माणसाला परवडेल असे दोन आसनांचे हेलिकॉप्टर करावे, हा त्यांचा हेतू. त्यांच्या आर-22 ला 1979 मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि काही वर्षांतच ते जगभरच्या प्रशिक्षण संस्थांत दिसू लागले. यंत्र उत्तम होते, सुबक होते. मात्र त्याची पाती हलकी होती. जड पाते गती धरून ठेवते, हलके ती लवकर सोडते. त्यामुळे इंजिन थांबल्यावर दांडा खाली करण्यासाठी वैमानिकाला जेमतेम सेकंद-दीड सेकंद मिळतो. गती एका मर्यादेखाली गेली की पाती हवेवरची पकड सोडतात आणि मग ती परत मिळत नाही. निर्मात्यांनी स्वतःच्या सुरक्षासूचनांतून याविषयी वारंवार बजावले आहे. 1995 मध्ये अमेरिकी विमान प्रशासनाने आर-22 आणि आर-44 या यंत्रांसाठी खास नियम केला. पात्यांची गती कशी घटते, ती कशी राखावी, या यंत्रांत कोणते धोके विशेष आहेत, याचे वेगळे शिक्षण वैमानिकाला सक्तीचे झाले आणि आर-22 मध्ये एकट्याने उडण्यापूर्वी शिक्षकासह किमान 20 तास उडण्याची अट आली. म्हणजे यंत्रात दोष काढण्याऐवजी नियमाने वाक्यात कर्ता परत आणला. हे मला फार शहाणपणाचे वाटते.

त्याच देशाच्या लहान हेलिकॉप्टरांसाठीच्या प्रमाणन-नियमांत आणखी एक नोंद आहे. सरळ उड्डाणात इंजिन बंद पडल्यावर वैमानिकाने हालचाल करेपर्यंत किमान एक सेकंद गेला असे चाचणीत धरावे, असे तेथे म्हटले आहे. या एका सेकंदाविषयी मी बराच विचार केला. वोल्फगांग इझर यांनी 1972 मध्ये संहितेत अभिप्रेत असलेल्या वाचकाची कल्पना मांडली, ती आपण वर्गात शिकवतो. प्रत्येक संहिता आपल्या वाचकाविषयी काही गृहीत धरून लिहिलेली असते. प्रत्यक्ष वाचक तसा असेलच असे नाही. नियमपुस्तकातही असाच एक अभिप्रेत वैमानिक बसलेला आहे. तो सावध आहे. त्याचा हात दांड्यावर आहे. इंजिनाचा आवाज बदलताच ‘हे काय झाले’ असे त्याला वाटत नाही. काय झाले ते त्याला माहीत असते. व्यावसायिक वैमानिक त्याच्या जवळ जाऊ शकतो, कारण तो वारंवार उडतो आणि त्याची वारंवार परीक्षा होते. हौशी मालक शनिवार-रविवारी उडतो, पावसाळी आठवड्यांत उडतच नाही, शेजारी मित्र असला तर त्याला खालचे तळे दाखवत असतो. अनपेक्षित घटना ही अनपेक्षित आहे एवढे कळण्यातच त्याचा सेकंद सरतो.

हौशी उड्डाणाचा आनंद नेमका कुठे असतो, हेही पाहावे. ऑटोरोटेशन साधायला उंची लागते किंवा पुढचा वेग लागतो; दोन्ही असले तर उत्तम. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत उंची आणि वेग यांचा एक आलेख असतो. त्यातला काही भाग रेघा मारून झाकलेला असतो. त्या भागात इंजिन थांबले तर सुखरूप उतरण्याची आशा फार थोडी. जमिनीपासून शंभर-दोनशे फुटांवर स्थिर तरंगणे हे बहुधा त्या झाकलेल्या भागात मोडते. उंची इतकी नाही की पाती सावरावीत, आणि इतकी कमीही नाही की पात्यांत उरलेल्या गतीवर टेकता यावे. वैमानिकांच्या बोलीत या रेषेला ‘मेलेल्या माणसाची रेषा’ म्हणतात. पण आपल्या घरावर येऊन थांबावे, अंगणातल्या माणसांना हात करावा, शेताचे छायाचित्र घ्यावे, ही सारी सुखे शंभर-दोनशे फुटांवरचीच आहेत. विमानाला जे जमत नाही ते तरंगणे जमते, म्हणून तर हेलिकॉप्टर हवे असते. हौस माणसाला ज्या जागी नेते, त्याच जागी त्याची हमी संपते.

येथे दुसरी बाजू मांडली पाहिजे. माझ्या विद्यार्थ्याने ती तळमळीने मांडली आहे. लहान विमानाचे इंजिन थांबले तर त्याला उतरण्यासाठी लांब मोकळी जागा लागते आणि ते बऱ्याच वेगाने जमिनीला टेकते. नीट उतरवलेले हेलिकॉप्टर लहानशा शेतात जवळजवळ उभ्याने टेकू शकते. हे खरे आहे. दुसरे असे की, अशा यंत्रांचा इतिहासच धाडसी माणसांनी घडवला आहे. इगोर सिकोर्स्की यांनी 1939 च्या सप्टेंबरात आपले व्हीएस-300 दोरांनी जमिनीला बांधून प्रथम उचलले, तेव्हा चालकाच्या जागी ते स्वतः बसले होते. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो, त्यात कौतुकही असते. तिसरे, कायदाही हौशी माणसाच्या बाजूने आहे. अमेरिकेत 1982 पासून असा नियम आहे की, एकच आसन, रिकामे वजन 254 पौंडांपेक्षा कमी, इंधन 5 गॅलनपर्यंत, वेग ताशी 55 सागरी मैलांच्या आत, आणि हेतू केवळ करमणूक वा क्रीडा असेल, तर अशा उडत्या वाहनाला ना वैमानिकाचा परवाना लागतो, ना यंत्राचे प्रमाणपत्र. या मर्यादेत बसणारी हेलिकॉप्टरेही मिळतात. त्याहून जड यंत्र स्वतः जोडले तर ते प्रायोगिक वर्गात जाते. हे यंत्र हौशी माणसाने बांधलेले असून नेहमीच्या विमानांच्या सुरक्षानियमांना धरून नाही, अशी पाटी त्यात लावावी लागते. राज्यसंस्था जणू म्हणते, जीव तुझा, जबाबदारी तुझी. दाट वस्तीवरून मात्र जाऊ नकोस.

मी या स्वातंत्र्याच्या विरुद्ध नाही. बंदी घाला असे मी म्हणत नाही. माझी तक्रार एवढीच की, कायद्याने जी जबाबदारी माणसावर टाकली, ती प्रचलित भाषा त्याच्या नकळत यंत्रावर ढकलते. कायदा म्हणतो, ‘तूच पाहा.’ हौशी मंडळींच्या गप्पांतून आणि जाहिरातींतून वाक्य येते, ‘ते आपोआप उतरतं.’ पहिल्यात कर्ता आहे, दुसऱ्यात नाही. माणूस पहिल्यावर सही करतो आणि दुसऱ्यावर विश्वास ठेवतो.

‘इंजिन’ या एकाच शब्दावर सारी भीती आणि सारा दिलासा केंद्रित होतो, हाही एक तोटाच. 1996 मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने आर-22 च्या अपघातांवर एक विशेष अहवाल काढला, त्याचा विषय वरच्या पात्यांवरचे नियंत्रण सुटणे हा होता. आपल्याकडे 2021 च्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जेमतेम शिकलेला, हाताने गुणी असा एक तरुण कारागीर स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. मोटारीचे इंजिन त्याने त्यात बसवले होते. ते इंजिन बंद पडले नव्हते. ते चालू असतानाच मागचे पाते तुटले आणि त्याने घात केला. त्या मुलाविषयी वर्तमानपत्रांत आलेले कौतुक आणि हळहळ मला आठवते. त्याच्या शेजारी उभे राहून, पाती फिरताना आत बसू नकोस, आधी यंत्र बांधून ठेवून दुरून चालव, असे सांगणारा कोणी जाणता माणूस असता तर, असे तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते. अमेरिकेतल्या गॅरेजमधला सुस्थित अभियंता आणि यवतमाळचा कारागीर यांत पैशाचे अंतर फार आहे. शेजारी जाणता माणूस नसणे हे मात्र दोघांत सारखे ठरू शकते.

ते कसे, हे सांगतो. कारण पत्रोत्तरात मी विद्यार्थ्याला हेच विचारले. एक आसनाच्या यंत्रात शिक्षक बसू शकत नाही. म्हणजे त्या यंत्रात इंजिनाविना उतरण्याचा पहिला प्रयोग माणूस एकटाच करणार, मग तो सरावाचा असो की खराखुरा. तो म्हणेल, शिक्षण मी दोन आसनांच्या यंत्रात घेतले आहे. पण तेथे शिकवतात ते कुठवर? अमेरिकेत खासगी परवान्याच्या परीक्षेत ऑटोरोटेशन करून दाखवावे लागते, तथापि ते जमिनीला टेकेपर्यंत न्यावे लागत नाही. शेवटी नाक उचलून वेग मोडला की इंजिनाचा जोर पुन्हा घेऊन जमिनीपासून थोड्या उंचीवर तरंगत थांबायचे, एवढे पुरते. त्याला कारणही आहे : पूर्ण टेकण्याच्या सरावात यंत्रे मोडतात आणि माणसे जखमी होतात. पण याचा अर्थ असा की, ज्या दोन-तीन सेकंदांवर सगळे अवलंबून आहे, ते अनेकांनी कधी अनुभवलेलेच नसतात. शेवटचा अंक सोडून नाटकाच्या तालमी झाल्या आणि प्रयोग मात्र पूर्ण नाटकाचा लागला, असा हा प्रकार आहे.

म्हणून मी त्याला लिहिले की, तुझे वाक्य मी दुरुस्त करून पाठवतो. तेवढेच मला येते. ‘इंजिन बंद पडलं, आणि त्या वेळी मी पुरेशा उंचीवर किंवा पुरेशा वेगात असलो, आणि एका सेकंदात मला ते कळलं, आणि माझा हात आधीच दांड्यावर होता, आणि खाली मोकळी जागा होती, आणि शेवटचे दहा फूट मी पूर्वी कोणाच्या तरी देखरेखीखाली खरोखर उतरलो होतो, तर मी हेलिकॉप्टर सुखरूप उतरवू शकतो.’ वाक्य लांबले आहे, पण त्यातले एकही ‘आणि’ गाळता येणार नाही. हे वाक्य आईला वाचून दाखवता येत असेल तर खुशाल उड. येत नसेल तर यंत्र पूर्ण करण्याआधी ज्या अटी पुऱ्या व्हायच्या राहिल्या आहेत त्यांवर पैसे आणि महिने खर्च कर. ज्या यंत्राची पाती जड आहेत त्यात, जाणत्या शिक्षकासह, जमिनीपर्यंत उतर. घरावर तरंगायचे सुख सोड.

त्याचे उत्तर दोनच ओळींचे आले. ‘सर, जमिनीपर्यंत मी कधीच आलेलो नाही. दर वेळी शेवटी इंजिन परत घेतलं.’ त्याखाली काही नव्हते. पुढे तो काय करणार, ते त्याने कळवले नाही आणि मीही पुन्हा विचारले नाही.

त्याच्या आईला मी अजून काही सांगितलेले नाही. तिने विचारलेला प्रश्न मात्र आता माझ्या नीट ध्यानात येतो. ‘इंजिन बंद पडलं तर काय होईल’ असे तिने विचारले नव्हते. ‘काय करशील’ असे विचारले होते. तिच्या वाक्यात कर्ता होता. उत्तर देताना माझ्या विद्यार्थ्याने तो गाळला, आणि त्याला मराठी मीच शिकवले होते.